शाईच्या छत्र्यांची भाऊबंदकी

आषाढातली गोष्ट. शाळेच्या वाटेवरच्या उकिरड्यावरून एका मुलाने पाच-सहा नाजूक छत्र्या उपटून आणल्या आणि वहीच्या दोन पानांत जपून ठेवल्या. सकाळी त्या राखाडी, रेशमासारख्या तलम होत्या. मधल्या सुटीत त्याने वही उघडली, तर आत छत्री नाहीच, नुसता काळा डाग! पोराला वाटलं, कुणीतरी खोडी काढून शाई सांडली. मला त्याची समजूत घालावी लागली, की बाबा रे, शाई कुणी सांडली नाही. दौत तूच घरून घेऊन आलास.

आपल्यापैकी पुष्कळांनी ही छत्री पाहिली असेल. शेणखताच्या ढिगावर, भिजलेल्या पेंढ्यावर, गोठ्यामागच्या ओलीत ती पहाटे उगवते आणि दुपारपर्यंत विरघळून काळे पाणी होते. आपण सगळ्याच छत्र्यांना सरसकट भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे होतो. इंग्रज लोक हिला शाईची टोपी म्हणतात. आपण सोयीसाठी शाईछत्री म्हणू. या शाईछत्र्यांचे एकमेकींशी नाते काय, हे ठरवायला युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांना दोनशे वर्षे लागली, आणि शेवटी निकाल असा लागला की घर ज्याच्या नावावर होते तोच त्या घरात परका निघाला. ती हकिगत आपल्याला सांगायची आहे.

सुरुवात अठराव्या शतकापासून करू. स्वीडनच्या लिनियसने वनस्पतींना आणि प्राण्यांना दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ केली. पहिले नाव प्रजातीचे, म्हणजे आपल्या आडनावासारखे. दुसरे जातीचे, म्हणजे पाळण्यातल्या नावासारखे. झाडाझुडपांची त्याने उत्तम व्यवस्था लावली. पण बुरशी आणि छत्र्या यांच्यापुढे त्या थोर माणसानेही हात टेकले. १७५१ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने कबूलच करून टाकले, की कवकांच्या बाबतीत अजून सारा गोंधळ आहे आणि शास्त्राला ती लाजेची गोष्ट आहे.

हा गोंधळ निस्तरायला पुढे आला तो पेरसून. हा मनुष्य १७६१ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप ऑफ गुड होपला जन्मला. लहानपणीच शिक्षणासाठी युरोपात आला आणि उत्तर आयुष्य त्याने पॅरिसच्या एका गरीब वस्तीत, घराच्या वरच्या मजल्यावर, कागद आणि वाळलेल्या छत्र्या यांच्या पसाऱ्यात काढले. १७९७ साली त्याने शाई गाळणाऱ्या छत्र्यांचे एक निराळे घराणे मांडले आणि त्याला ‘कोप्रायनस’ असे आडनाव दिले. ग्रीक भाषेत ‘कोप्रोस’ म्हणजे शेण. नाव अगदी उकिरड्याला शोभेलसे! या घराण्याची मुख्य मानकरी पुढे ठरली ती ‘कोप्रायनस कोमॅटस’, म्हणजे केसाळ शाईछत्री. ही चांगली वीतभर उंच वाढते, पांढरीशुभ्र असते आणि टोपीवर खवल्यांचे झुबके असतात. इंग्लंडातले वकील कोर्टात डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप घालत, त्यावरून तिकडे हिला ‘वकिलाचा टोप’ असेही म्हणतात.

पेरसूननंतर फ्रीस. एलियास फ्रीस हा स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. बारा वर्षांचा असताना आईबरोबर जळक्या रानात स्ट्रॉबेरी वेचायला गेला आणि तिथे त्याला पोवळ्यासारखे फांद्याफांद्यांचे एक मोठे कवक सापडले. त्या दिवसापासून त्याला छत्र्यांचे जे वेड लागले ते मरेपर्यंत, म्हणजे १८७८ पर्यंत सुटले नाही. १८२१ ते १८३२ या काळात त्याने कवकांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती साधी होती. छत्रीच्या खाली ज्या पातळ पडद्यांसारख्या पात्या असतात, त्यांतून बारीक पूड गळते. ही पूड म्हणजे छत्रीचे बीजाणू. फ्रीसने म्हटले, पुडीचा रंग पाहा. कुणाची पांढरी, कुणाची गुलाबी, कुणाची मातकट तपकिरी, कुणाची जांभळट, कुणाची काळी. रंगावरून घराणी पाडा. या हिशेबाने शाई गाळणाऱ्या सर्व काळ्या पुडीच्या छत्र्या एका घरात बसल्या, आणि कुणाला शंका घ्यायचे कारणही उरले नाही. पुडीचा रंग तोच, राहण्याची जागा बहुधा तीच, शिवाय विरघळून शाई होण्याची तऱ्हा तर अशी की दुसरीकडे दिसतच नाही. मग भावंडे नाहीत तर काय?

फ्रीसला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. सूक्ष्मदर्शकावर त्याची फारशी भिस्त नव्हती; नुसत्या डोळ्यांनी आणि हाताने त्याने हजारो जाती ओळखल्या. त्याने पाडलेले पुष्कळ गट आजही टिकून आहेत. पण या एका ठिकाणी त्याचा अंदाज चुकला, आणि तो का चुकला हे समजायला आधी छत्री विरघळते कशासाठी हे पाहिले पाहिजे.

हे कोडे सोडवले बुलर नावाच्या इंग्रजाने. बर्मिंगहॅमला जन्मलेला हा गृहस्थ १९०४ साली कॅनडात विनिपेगला प्राध्यापक म्हणून गेला. गमत्या माणूस. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादावर पाच ओळींचे एक विनोदी कवन इंग्रजीत फार प्रसिद्ध आहे, ते या छत्रीवाल्या प्राध्यापकाचे. १९२३ साली ते लंडनच्या ‘पंच’मध्ये छापून आले. पण ते असो. बुलरच्या आधी लोकांना वाटे की शाईच्या थेंबांतून बीजाणू इकडेतिकडे पसरत असतील. बुलरने रात्ररात्र बसून पाहिले आणि १९०९ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की बीजाणू जातात ते वाऱ्याने. केसाळ शाईछत्रीची टोपी घंटेसारखी मिटलेली असते आणि आत पात्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, बाडात कागद खेटून असावेत तशा. अशा दाटीतून बीजाणू बाहेर पडायचे कसे? म्हणून ते खालच्या कडेपासून वर पिकत जातात. कडेचे बीजाणू उडून गेले की ती रिकामी कड छत्री स्वतःच पचवून टाकते, तिचे पाणी करते, आणि वरच्या पट्ट्याला मोकळी हवा मिळते. कापणी झालेल्या वाफ्याचा बांध फोडून पुढच्या वाफ्याला वाट करून द्यावी, तसा हा प्रकार. एका केसाळ छत्रीतून सुमारे पाचशे कोटी बीजाणू उडतात असा हिशेबही बुलरने मांडला आहे.

आता लक्षात घ्या. शाई होणे ही अडचणीतून काढलेली एक युक्ती आहे. आणि युक्ती एकाच घरात जन्माला येते असा नियम नाही. दोन गावांतल्या दोन शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता विहिरीवर सारखीच मोट बसवली, म्हणून ते चुलतभाऊ ठरत नाहीत. फेटा एकाच तऱ्हेने बांधला म्हणून देवक एक होत नाही. ही शंका बुलरच्या काळात एखाद्याच्या मनात आली असली, तरी ती तपासायला साधन नव्हते.

एक साधन हळूहळू हाती येत होते. १९१८ साली पॅरिसमध्ये मातिल्द बेन्सोद या पोर्तुगीज बाईंनी शेणावरच्या एका लहान शाईछत्रीवर प्रयोग केले. एकेका बीजाणूपासून वाढवलेले तंतू त्यांनी निरनिराळे ठेवले, तर त्यांचा संसार काही पुढे सरकेना. योग्य जोडी जमली म्हणजेच तंतूंचा मेळ होऊन छत्री उगवे. कवकांतही सोयरीक जुळावी लागते, असा तो शोध होता. त्यावरून शास्त्रज्ञांना एक कसोटी मिळाली. दोन ठिकाणच्या छत्र्यांचे तंतू आपसांत जुळले, तर जात एक. नाही जुळले, तर बहुधा वेगळ्या. वरून एकसारख्या दिसणाऱ्या कितीतरी छत्र्या या कसोटीने निराळ्या निघाल्या. पण या कसोटीची धाव तेवढीच. लग्न जुळत नाही एवढ्यावरून दोन घराणी जवळची की लांबची, हे कसे कळणार? त्यासाठी वंशावळच पाहिजे.

ती वंशावळ अखेर प्रत्येक पेशीत लिहिलेली सापडली. कशी, ते सांगण्याआधी जरा पुण्याला जाऊन येऊ.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याचे बरीच वर्षे प्रमुख संपादक होते. देशभरातून, निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या गोळा केल्या. कुठलीच पोथी दुसरीशी तंतोतंत जुळेना, कारण नकलून घेणाऱ्याच्या हातून चुका होतात, आणि त्या चुकलेल्या पोथीवरून जो पुढे नक्कल करतो तो त्या चुकाही उतरवून घेतो. त्यात आपली एखादी नवी भर घालतो, ती वेगळीच! मग संपादकांनी काय केले? दहा पोथ्यांत एकाच श्लोकात एकच विशिष्ट पाठभेद सापडला, तर त्या दहा पोथ्यांची मूळ पोथी एक असली पाहिजे असे धरले. अशाने पोथ्यांची कुळे पडली, उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची, आणि त्यांच्या पोटशाखा. पोथीचे वेष्टन रेशमी आहे की खादीचे, याला या कामात किंमत नाही. किंमत आतल्या अक्षरांना.

छत्रीच्या पेशीतही अशीच एक पोथी असते. तिला डीएनए म्हणतात. चारच अक्षरांत ती लिहिलेली आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिची नक्कल होत आली आहे. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक लेकी-नातींकडे उतरते. हिचा एक अध्याय तर सर्व सजीवांजवळ असतो. प्रथिने घडवणारे जे पेशीतले कारखाने, त्या रायबोसोमांचा तो अध्याय. एकच अध्याय सगळ्यांकडे, म्हणजे तुलनेला फार सोयीचा. १९८० नंतरच्या दहा वर्षांत या पोथीतला हवा तो उतारा काढून त्याच्या लाखो प्रती करण्याची युक्ती निघाली, आणि १९९० साली कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी कवकांच्या त्या अध्यायाची ‘किल्ली’ छापून सर्वांना खुली केली. वाळलेल्या छत्रीचा तांदळाएवढा तुकडाही पुरू लागला.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल्गॅलिस आणि त्याचा शिष्य हॉपल यांनी शाईछत्र्यांच्या पोथ्या काढल्या. १९९४ साली त्यांनी पहिले निष्कर्ष छापले, १९९९ साली आणखी सविस्तर. निष्कर्ष ऐकून कवकशास्त्रज्ञ चकितच झाले. शाईछत्र्या एका घरच्या नव्हत्या. केसाळ शाईछत्री आणि तिच्या मोजक्या दोन-चार बहिणी निघाल्या त्या बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या बटन अळिंबीच्या कुळातल्या. बाकीच्या शंभरावर जाती सॅथिरेला नावाच्या, साध्या, ठिसूळ, बहुधा शाई न गाळणाऱ्या छत्र्यांच्या भाऊबंद निघाल्या. त्यांच्यातही पुन्हा तीन वेगवेगळ्या शाखा. म्हणजे शाईची युक्ती निसर्गाने एकदा नव्हे, अनेकदा काढली.

आणखी एक मौज. राजस्थानच्या आणि इतर कोरड्या मुलखांत वाळवंटी जमिनीतून मुसळासारखे एक कवक वर येते, पोडॅक्सिस. त्याची टोपी कधी उघडत नाही, शाई होत नाही, आत नुसती कोरडी पूड भरलेली. लिनियसने १७७१ साली याची गणना गोळ्यासारख्या वाढणाऱ्या, ठोसा मारला की धूळ उडवणाऱ्या कवकांत केली होती. पोथी पाहिली तर ते केसाळ शाईछत्रीचे जवळचे नातेवाईक! रखरखीत मुलखात पाण्याची उधळपट्टी परवडणार कुणाला? शाई करण्याची चैन तिथे चालत नसावी, असे आपले मला वाटते.

मग जाणकारांनी पुन्हा छत्र्या हातात घेतल्या, आणि जे दोनशे वर्षे डोळ्यांसमोर होते ते आता दिसू लागले. केसाळ छत्रीच्या दांड्यावर एक सैल कडे असते, बटन अळिंबीलाही कडे असते. तिचा दांडा पोकळ आणि त्या पोकळीत वरून खाली एक बारीक तंतूंची दोरी लोंबते. तशी दोरी बाकीच्या शाईछत्र्यांत नाही. खुणा होत्याच. फक्त शाईचा काळा डाग एवढा ठळक, की बाकीचे कुणी पाहिलेच नाही. म्हणून मी शिक्षकबंधूंना सांगतो, की डीएनए आले म्हणून डोळ्यांनी पाहण्याचे काम संपले असे मुलांना शिकवू नका. पोथीने सांगितले कुठे पाहावे. खात्री पटली ती दांडा उभा चिरल्यावर.

आता आला वाटणीचा प्रश्न, आणि वाटणी म्हटली की भांडण आलेच. नामकरणाचा कायदा असा आहे, की प्रजातीचे नाव तिच्या नमुना-जातीशी बांधलेले असते. नमुना-जात जिकडे जाईल, तिकडे आडनाव जाईल. कोप्रायनसची नमुना-जात कोण? केसाळ छत्री! म्हणजे सातबाऱ्यावर नाव तिचे, आणि रक्ताने परकी तीच. घर तिला मिळाले आणि शंभरावर भावंडांना आडनाव सोडून बाहेर पडावे लागले. २००१ साली कॅनडाचा रेडहेड, विल्गॅलिस आणि त्यांच्या सोबत्यांनी ही वाटणी रीतसर छापली. बाहेर पडलेल्यांपैकी दोन शाखांना फिनलंडच्या कार्स्टेनने १८७९ आणि १८८१ साली सुचवलेली, धूळ खात पडलेली नावे मिळाली: कोप्रायनेलस आणि कोप्रायनॉप्सिस. तिसरीसाठी पॅरासोला हे नवे नाव घडवले. या सर्वांना सॅथिरेलाच्या कुळात घातले.

यावर काही जणांनी हरकत घेतली, आणि त्यांचेही म्हणणे अगदीच वावगे नव्हते. ते म्हणाले, कायद्याचे कलम थोडे वाकवा, नमुना-जात बदला. म्हणजे एकीचे नाव बदलेल आणि शंभरांची वाचतील. वैद्यकाच्या, शेतकीच्या, प्रयोगशाळांच्या पुस्तकांतून ही नावे पक्की झाली आहेत, ती सगळी कोण खोडत बसणार? तसा रीतसर प्रस्तावही त्याच वर्षी आला. पण तो टिकला नाही. मला विचाराल तर मी प्रस्तावाच्या बाजूचा होतो. पण माझे मत कुणी विचारले नव्हते.

आपण म्हणाल, नावे कुठली का असेनात, आम्हांला त्याचे काय? दोन गोष्टी सांगतो.

युरोपात करड्या रंगाची एक शाईछत्री लोक भाजी करून खात. एरवी काही होत नसे. पण खाणाऱ्याने त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांनी दारू घेतली, की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उमासे. १९७५ साली स्वीडनमधल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्यातले द्रव्य शोधून काढले आणि त्याला कोप्रीन म्हटले. शरीरात दारूचे जे पहिले विषारी रूपांतर होते, त्याचा निचरा करणारी वाट हे द्रव्य अडवते. केसाळ छत्रीत हे कोप्रीन नाही. दोघींचे आडनाव एक होते तोवर एकीचा दोष दुसरीवर जात होता. करडीचे नवे नाव आता कोप्रायनॉप्सिस.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. रक्ताच्या कर्करोगाने ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते, अशा काही रोग्यांच्या फुप्फुसात एक बुरशी वाढलेली आढळली. प्रयोगशाळेत तिला छत्री येत नव्हती, नुसते तंतू आणि साधे बीजाणू. तिला हॉर्मोग्राफिएला असे निराळेच नाव मिळाले होते. पुढे कळले की ती आपल्या उकिरड्यावरच्या शाईछत्रीचेच दुसरे रूप आहे, कोप्रायनॉप्सिस सिनेरियाचे. आज रोग्याच्या नमुन्यातली पोथी वाचून तिची ओळख पटवता येते. ओळख पटणे जरुरीचे असते, कारण इतर बुरश्यांवर सर्रास देतात त्या औषधांपैकी एका गटाला, एकायनोकँडिनना, ही सहसा दाद देत नाही. निदान चुकले तर औषध वाया आणि वेळही. निरोगी माणसाने मात्र याला भिण्याचे कारण नाही; उकिरड्याशेजारी आपण पिढ्यान्‌पिढ्या नांदलो आहोत.

नात्यावरून खाण्याचा निवाडा मात्र करू नका हो! केसाळ छत्री बटन अळिंबीच्या कुळातली खरी, पण त्याच कुळात हिरवट पुडीची एक मोठी पांढरी छत्रीही आहे. आपल्याकडे पावसात ती गवतात येते, दिसायला मोठी देखणी, आणि खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो. रानातली छत्री जाणत्याने ओळखल्यावाचून चुलीवर चढवायची नाही.

शिक्षकांनी वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग मात्र फ्रीसच्याच काळचा आहे. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या. नुकत्या उमललेल्या छत्रीची टोपी कापून, पात्या खाली करून, दोन्ही रंगांवर येईल अशी ठेवा आणि वर काचेचा पेला पालथा घाला. साध्या छत्रीला रात्रभर ठेवले तरी चालेल. शाईछत्री असेल तर दोन-तीन तासांत उचला, नाहीतर सकाळी पेल्याखाली नुसते डबके सापडेल. कागदावर पात्यांची नक्षी उमटते. तिचा रंग मुलांना वहीत लिहू द्या, आणि नंतर सगळ्यांना हात धुवायला लावा. दांडाही उभा चिरून पाहा, पोकळीत दोरी आहे की नाही. नाव लिहिताना तेवढे पेन्सिलीने लिहा. २०२० साली दोन जर्मन अभ्यासकांनी या घराण्याची पुन्हा एकदा फाळणी केली आहे आणि कोप्रायनेलसमधून काही जाती आणखी एका नव्या नावाखाली वेगळ्या काढल्या आहेत.